सुनेची खोळ

४ मार्च, मंगळवार

वही घेतली. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचायचं मलाच आहे. आजपासून दुकानात कोण काय बोललं ते लिहून ठेवणार. उद्या कोणी शब्द फिरवला तर तोंडावर टाकता येईल.

आज बंबवाल्यांची ऑर्डर आली. समारंभाचे गणवेश, बेचाळीस जणांचे. बंद गळ्याचा कोट आणि पँट. त्यांचे साहेब स्वतः आले होते, खुर्चीत मावेनात. म्हणाले, "बाई, मागच्या खेपेला दुसरीकडे शिवले. सलामीला हात वर केला तर तिघांच्या काखा उसवल्या. आग विझवणाऱ्यांवर लोक हसले. या खेपेला तसं झालं तर परत कोणाला तोंड दाखवायची सोय नाही."

मी म्हटलं, "माझ्या हातचं कधी घट्ट झालेलं नाही, सैल झालेलं नाही. विचारा कोणालाही."

पण एवढं कापड माझ्या एकटीच्या कात्रीने कापून होणार नाही. कटिंगच्या कारखान्यात द्यावं लागेल. तिथे मशीनची सुरी थप्पीच्या थप्पी कापते. मशीनला मापं कॉम्प्युटरवरून लागतात, आणि तीही सेंटीमीटरमध्ये. मी जन्मभर इंचात काम केलं. सून लगेच पुढे. "आई, ते मी करते. तुम्ही फक्त मापं घ्या."

फक्त!

ही आधी एका गोदामाच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची. कचेरी बंद पडली. लेक म्हणाला, "आई, तिला दुकानात घे, घरी बसून कुढते." घेतली. पण माझा नियम साधा आहे. दुकान मी उभं केलंय. कोणी आतून पोखरायला लागलं तर त्याला बाहेरचा रस्ता, मग ती सून का असेना. लेकालाही हे तेव्हाच सांगितलंय.

६ मार्च, गुरुवार

बंबाच्या ठाण्यावर जाऊन मापं घेतली. मी फीत लावायची, आकडा ओरडायचा, सुनेने मान खाली घालून लिहायचं. एकाने पोट आत ओढून धरलं.

"श्वास सोडा."

"सोडलाय, मावशी."

"मग पोट कुठे गेलं?"

"तुम्हाला बघून लाजलं."

"त्याला म्हणावं बाहेर ये. नाहीतर पहिल्या सलामीला बटण उडून साहेबांच्या डोळ्यात जाईल."

सगळे हसले. सून पण हसली. पण परत येताना फितीकडे बघत होती. विचारते, "आई, ही फीत कधीची?"

"तुझा नवरा रांगत होता तेव्हाची."

"धुता का हिला?"

"धुते. सुरकुती पडली तर इस्त्रीही फिरवते. वस्तू नीट ठेवली की टिकते."

"हं," म्हणाली.

मला ते 'हं' आवडलं नाही.

१० मार्च, सोमवार

सुनेने सगळी मापं कॉम्प्युटरवर चढवली. मोठा तक्ता आहे. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात त्याची मापं. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, लांबी, असे बरेच रकाने. मी मागे उभी राहून बघत होते. ती म्हणाली, "बसा ना." मी म्हटलं, मला उभं राहूनच बरं दिसतं.

"आता एकेक आकडा घेऊन गुणत बसणार?"

"नाही हो. एकच रकाना असता तर एकदा गणित लिहिलं की झालं. पण रकाने खूप आहेत. प्रत्येकासाठी तेच परत लिहायचं म्हणजे तितक्या ठिकाणी चुकायची सोय. म्हणून गणित एकदाच लिहिलं आणि त्याला एक खोळ घातली."

"खोळ? उशीला घालतात ती?"

"तशीच समजा. फंक्शन म्हणतात त्याला. खोळीला दोनच गोष्टी सांगायच्या. कोणते रकाने घ्यायचे आणि कोणत्या आकड्याने गुणायचं. ती एकेका रकान्यावर जाते, सगळे आकडे बदलते, पुढच्या रकान्यावर जाते. पुढच्या ऑर्डरला रकाने वेगळे असले तरी खोळ हीच."

"म्हणजे आत काय चाललंय ते वरून दिसत नाही."

"उघडून बघितलं तर दिसतं."

"दाखव."

दाखवलं. माशीने शाईत पाय बुडवून नाचावं तशी इंग्रजी अक्षरं. मला काही कळणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून एवढ्या खुशीने दाखवलं. जे काम उघड्यावर होतं त्याला खोळ कशाला लागते? माझी कापलेली कापडं टेबलावर सगळ्यांसमोर असतात.

११ मार्च, मंगळवार

आज पकडली. मी दुधाचं बघायला मागच्या खोलीत गेले आणि परत आले तर ही माझी फीत टेबलावर लांब करून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून वाकून बघतेय. मला बघून सरळ झाली.

"काय चाललंय?"

"काही नाही, आई. आकडे पुसट झालेत का बघत होते. बंबवाल्यांची सगळी मापं याच फितीने घेतली ना?"

"मग काय दोरीने घेतली? माझ्या गळ्यात दुसरी फीत कधी बघितलीस?"

"नाही. तेवढंच विचारायचं होतं."

संध्याकाळी माझ्या मशीनजवळ एक नवी कोरी फीत, पिवळी, प्लास्टिकच्या डबीतली. मी विचारलं कोणाची. म्हणते, "दुकानात होती, स्वस्त वाटली, म्हणून घेतली. असू दे." मी ती बटणांच्या खोक्यात टाकली. माझ्या नाकावर टिच्चून माझ्याच दुकानात फीत आणते! उद्या कात्री आणेल, परवा खुर्ची.

१४ मार्च, शुक्रवार

तक्त्याचा कागद छापून आला. सून तो दुकानात ठेवून बँकेत गेली होती. मी कारखान्यातल्या कटिंगवाल्याला फोन लावला.

"चाळीस इंचाचे सेंटीमीटर किती?"

"एकशे एक आणि वर सहा. मावशी, हे मोबाईलवर पण कळतं."

"मोबाईलला काय, तो कोणाचंही ऐकतो. तू सांग."

"सांगितलं की. एकशे एक पॉइंट सहा."

कागद उघडला. त्या पोटवाल्याची छाती मी चाळीस सांगितली होती, मला पक्कं आठवतंय. कागदावर एकशे तीन पॉइंट सहा. मग दुसरा बघितला, तिसरा बघितला. कटिंगवाल्याला परत फोन. तो वैतागला, पण सांगत गेला. छाती, कंबर, बाही, सगळं थोडंथोडं वाढवलेलं. कुठे दोन सेंटीमीटर, कुठे एक, कुठे अर्धा. आणि एवढ्या सफाईने, की एकही आकडा राहिलेला नाही. एका माणसाचं चुकलं असतं तर म्हटलं असतं घाईत झालं. ही खोळ घातली ती यासाठी तर. एकदा आत हात घातला की सगळ्या रकान्यांत एकदम.

कागद होता तसा ठेवला. ती आली, म्हणाली, "आई, चहा टाकू?" मी म्हटलं टाक. साखर किती घालते तेसुद्धा बघत होते.

१५ मार्च, शनिवार

काजवालीला सांगितलं. ती शनिवारी काजं करायला येते, वीस वर्षं येतेय, तोंड सैल आहे पण माझ्याशी इमानी. सून त्या वेळी घरी होती.

काजवाली म्हणाली, "ताई, कापड चोरत असेल."

"अगं, मापं वाढवली तर कापड जास्त लागतं. उरेल कुठून?"

"मग कापडाच्या दुकानवाल्याशी साटंलोटं असेल."

"कापड बंबवाल्यांनीच दिलंय."

ती दोरा तोंडात धरून विचार करत बसली. मग म्हणाली, "मग तुम्हालाच घरी बसवायचंय. गणवेश सैल झाले की लोक म्हणणार, म्हातारीची नजर गेली, आता सूनबाईंकडे मापं द्या."

"म्हातारी कोण?"

"लोक म्हणतील हो. मी कशाला म्हणू?"

लागलं मला ते. कारण पटलं.

लेक आला तेव्हा त्याला म्हटलं, "तुझी बायको माझे आकडे बदलते."

"का?"

"ते तूच विचार."

"तिलाच विचार ना, आई. ती काय खोटं बोलणार आहे?"

"चोराला विचारायचं, बाबा रे, चोरी केलीस का?"

त्याने हेल्मेट उचललं आणि गेला. लहानपणापासून असाच. भांडणाचा वास आला की याला कुठेतरी जायचं असतं.

मी ठरवलंय. कापायच्या आधी पुरावा हातात घ्यायचा, बंबवाल्या साहेबांसमोर ठेवायचा आणि हिला दुकानातून बाहेर काढायची. लेकाला वाईट वाटेल. वाटू दे.

१७ मार्च, सोमवार

आज दुकान बंद ठेवलं आणि एकटी बसले. पुरावा करायला स्टीलची पट्टी काढली, फीत तिच्या शेजारी ताणून धरली. म्हटलं, इंच म्हणजे इंच, बघू तरी.

पट्टीवर एकोणचाळीस इंच झाले तिथे माझी फीत अडतीस आणि वर पाव दाखवत होती.

परत धरली. टोक नीट लावलं. तेच.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मंगळवारी ही फितीशी खेळत होती! हिनेच ताणली. ओली करून, वजन लावून, काहीतरी करून लांब केली, म्हणजे आकडे बदलल्याचं पाप फितीवर ढकलता येईल. केवढी पोचलेली आहे! मी फोन उचलला होता लेकाला करायला.

मग वाटलं, नीट खात्री करू. लेकाच्या लग्नातला कोट कपाटात आहे. मीच शिवलेला, बाही पंचवीस. पक्कं आठवतं, कारण तो सव्वीस म्हणत होता आणि आम्ही तासभर भांडलो होतो. हिने फीत आता ताणली असेल तर तो जुना कोट आज फितीवर कमी भरायला हवा. साडेचोवीस वगैरे.

मोजला. पंचवीस. दोऱ्याचाही फरक नाही.

पट्टीने मोजला. साडेपंचवीस.

किती तरी वेळ कोट मांडीवर घेऊन बसले. म्हणजे लग्नाच्या आधीच फीत लांबलेली होती. ही घरात यायच्याही आधी. मी धुतली, इस्त्री केली, गळ्यात ओढली, ती ताणत गेली. मला कळलं नाही, कारण मोजायचे मीच आणि कापायचेही मीच, त्याच फितीने. जेवढं माप कमी लिहिलं जायचं तेवढं कापड जास्त कापलं जायचं. अंगाला बरोबर बसायचं. पण कारखान्याच्या मशीनला माझी फीत कुठून माहीत असणार?

माझे आकडे तसेच गेले असते तर बेचाळीसच्या बेचाळीस गणवेश घट्ट झाले असते. काखा परत उसवल्या असत्या.

१९ मार्च, बुधवार

दोन दिवस कोणाशी बोलले नाही. सून विचारते, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

एक गोष्ट मात्र कळत नाही. हिला माहीत होतं. ११ तारखेलाच कळलं असणार. मग तोंड का उघडलं नाही? मुकाट्याने आकडा वाढवला आणि खोळीत लपवला. कटिंगवाल्यालाही वाटतंय नुसते सेंटीमीटर केलेत. कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, नाहीतर त्याच्या तोंडावरून मला कळलं असतं. माणूस एवढं गुपित फुकट ठेवत नाही. कधीतरी माझ्यासमोर काढायला राखून ठेवलं असणार. दुसरं काही कारण मला तरी सुचत नाही.

आज कागद परत बघायला घेतला आणि एका रकान्यावर बोट थांबलं. कॉलर. साडेपंधराचे चाळीस आणि वर एक. म्हणजे कॉलरही तिने वाढवली आहे. पण कॉलर मी फितीने घेतच नाही. लोकांच्या गळ्याभोवती फीत आवळली की ते मान ताठ करतात, माप चुकतं. मी त्यांच्या अंगातल्या शर्टाची कॉलर मागून उलटते आणि आत छापलेला आकडा ओरडते. तो आकडा खरा असतो. हिची मान तेव्हा कागदात होती, दिसलं नसणार. नंतर तिने विचारलं होतं, सगळी मापं याच फितीने घेतली ना. मी दोरीवरून टोमणा मारला, कॉलरचं सांगितलं नाही.

बंद गळ्याचा कोट. पाऊण सेंटीमीटर कॉलर सैल झाली की हूक लावल्यावरही गळा उघडा राहतो. बेचाळीस जण एका रांगेत उभे, सगळ्यांचे गळे वासलेले.

काजवालीला सांगितलं. फोनवरच. फितीचं नाही, फक्त कॉलरचं. ती म्हणाली, "गप्प बसा, ताई. तिची चूक, तिच्या कॉम्प्युटरची. पडू दे तोंडघशी. तुम्हाला हवा होता ना पुरावा, आयता आला चालून."

खरं आहे. मी एक शब्द बोलले नाही की झालं. आणि बोलायचं तर फितीपासून सांगावं लागेल. कॉलर वेगळी का, हे फितीशिवाय सांगताच येत नाही.

गप्प बसायचं ठरवलं.

२१ मार्च, शुक्रवार

कारखान्यात गेलो, मी आणि सून, तिचा कॉम्प्युटर पिशवीत घेऊन. लांब टेबल, त्यावर निळ्या कापडाची थप्पी, हाताएवढी उंच. वरून कटिंगवाला कागद बघतोय. म्हणाला, "मावशी, जरा बाजूला उभ्या राहा, सुरी चालू करतोय. आधी कॉलरचे तुकडे घेतो." मग कागदाकडे परत बघितलं. "या अंगाला कॉलर जरा मोठ्या वाटतात. मापं कोणी घेतली?"

मी छताकडे बघत होते.

सून म्हणाली, "मापं आईंनी घेतलीत. त्यांचं माप चुकत नाही. काही चुकलं असेल तर माझ्याकडून टाकताना चुकलं असेल. मी बघते थांबा."

माझं डोकंच सणकलं. हिला फितीचं सगळं माहीत आहे आणि परक्या माणसासमोर म्हणते आईंचं माप चुकत नाही! हे काय बोलणं झालं? कोणी मागितलं होतं हे?

मी ओरडले, "सुरी बंद कर."

"चालूच नाही केली अजून, मावशी."

"मग करू नकोस. कॉलरचा रकाना चुकलाय. कॉलर मी त्या फितीने घेतलेलीच नाही. शर्टावरचा आकडा बघून घेतलीय."

"त्या फितीने म्हणजे? फितीला काय झालं?"

सून मध्येच, "काही नाही, आई म्हणतायत की—"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "माझी फीत ताणलीय. लेकाच्या लग्नाच्या आधीपासून. सगळी मापं कमी आली. हिने ती आकडा वाढवून भरून काढली, म्हणून निभावलं. पण कॉलर भरून काढायची नव्हती. ती आधीच बरोबर होती. झालं समाधान? का अजून विचारायचंय?"

कटिंगवाला कान खाजवायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या दोघी बायांनी हात थांबवले होते. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा परत चालू केले.

सून माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस, त्या कॉम्प्युटरकडे बघ."

बसली. मला शेजारी खुर्ची ओढून दिली. या वेळी मी बसले. तिने रकान्यांच्या यादीतून कॉलर काढली. मग खाली परत खोळीचं नाव लिहिलं, त्यात एकटी कॉलर दिली आणि आकडा साधा दिला, दोन पॉइंट चोपन्न.

"एवढंच?"

"एवढंच. खोळ तीच, आई. फक्त कोणाला कोणता आकडा ते वेगळं सांगितलं."

कॉलरचा रकाना डोळ्यांदेखत बदलला. बाकीचे जागचे हलले नाहीत. साडेपंधराचे एकोणचाळीस आणि वर चार. मी कटिंगवाल्याला म्हटलं, "तू पण मोबाईलवर बघ." त्याने बघितलं. बरोबर होतं.

मग सुरी चालू झाली.

दुकानात शिरल्यावर बटणांच्या खोक्यातून ती पिवळी फीत काढली आणि स्टीलच्या पट्टीला लावून बघितली. विकत आणलेल्या वस्तूवर मी असा भरवसा ठेवत नाही.

२७ मार्च, गुरुवार

बंबाच्या ठाण्यावर कोट घालून बघायला गेलो. पोटवाल्याने दोन्ही हात वर केले, खाली केले, परत वर केले. म्हणाला, "मावशी, काख शाबूत." सगळे हात वर करून नाचायला लागले, मोठी माणसं.

साहेबांनी गळ्याचा हूक लावला. मान इकडे केली, तिकडे केली. "बाई, आयुष्यात पहिल्यांदा गळा गळ्यासारखा बसलाय. जादू आहे तुमच्या हातात."

मी म्हटलं, "मान हलवू नका, पाठ बघू द्या."

सून टाचण्यांची डबी धरून शेजारी उभी होती. साहेबांचा डावा खांदा खाली आहे, ते तिला माझ्या आधी दिसलं. बोलली नाही, नुसतं बोट दाखवलं. मी टाचणी मारली.

परत येताना रस्त्यात तिला विचारलं. किती दिवस घशाशी होतं. "तुला फितीचं कळलं तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला दुसऱ्या दिवशी दुकानातून काढलं असतं."

खोटं कशाला लिहू? काढलंच असतं. तिलाही तसंच म्हटलं, "काढलंच असतं."

ती म्हणाली, "आणि आता?"

"आता काय? उद्या त्या हॉटेलवाल्यांच्या वेटरांची मापं घ्यायचीत. तू फीत लाव, मी लिहिते. आणि आकडा मोठ्याने सांग, पुटपुटू नकोस. कॉलरला फीत लावायची नाही, आतला छाप बघायचा."

"हो, आई."

"आणि खोळीत काही घालायचं असेल तर आधी मला सांगायचं."

"हो, आई."

तिने माझ्या हातातली पिशवी मागितली. जड होती, दिली. कात्री तेवढी काढून माझ्याकडे ठेवली.